बाप गावाला येतो तेव्हाच शाळेला सुट्टी

मा. संपादकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की तुमच्या पेपरात आणि पेपरच्या घडीत घातलेल्या पाम्प्लेटांत नर्सरी-केजीच्या जाहिराती सुरू होतात. एसी क्लासरूम, स्मार्ट बोर्ड, सीसीटीव्ही, जीपीएसवाली बस. आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं ते कागद खिशात घालून विट्याला जातात, चार शाळा फिरतात, फी किती, हप्ते पाडून मिळतात का, बस वस्तीवर येते का, टीचर इंग्लिशमध्ये बोलतात का, सगळं विचारून येतात. पोराच्या शिक्षणासाठी माणसं एवढी धडपडतात हे चांगलंच आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत मला. पण एकदा ॲडमिशन झाली आणि पोरगं पिवळ्या बसमध्ये चढलं की घरच्यांना वाटतं आपलं काम संपलं, आता टीचर आणि त्यांचं नशीब. शाळा निवडायला जेवढा वेळ घालवला त्याच्या चौथाई वेळसुद्धा नंतर पोराजवळ बसायला कुणाला मिळत नाही, आणि तीन ते सहा या वयात शाळेपेक्षा घरचंच शिकवणं जास्त चालतं ही गोष्ट कुणी सांगत नाही, जाहिरातवाले तर कशाला सांगतील.

मी अंगणवाडी सेविका आहे. बरीच वर्षं झाली या कामाला, पहिल्या खेपेची पोरं आता आपली पोरं घेऊन माझ्याकडं येतात. अंगणवाडी म्हटलं की लोकांना खाऊ आणि लसीकरण एवढंच आठवतं. 2 ऑक्टोबर 1975 ला ही योजना सुरू झाली तेव्हापासून शाळापूर्व शिक्षण हे तिचं कामच आहे, पण आजही आई विचारते ती "बाई, आज खिचडी होती का उसळ?" म्हणून. आज गाणं कुठलं घेतलं, कुठली गोष्ट सांगितली हे विचारणारी आई वर्षाला एखादी. आणि दुसऱ्या टोकाला त्या आया, ज्यांचं पोरगं साडेतीन वर्षांचं आहे आणि त्या येऊन विचारतात, "अजून ए टू झेड लिहीत कसं नाही हो? जावेचं पोरगं विट्याच्या शाळेत जातं ते पानंच्या पानं लिहितं."

आता यावर थोडं बोलायलाच पाहिजे. माणसाच्या मनगटात आठ बारकी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती हाडं झालेलीच नसतात, नुसती कूर्चा असते, पुढं वर्षावर्षानं एकेक पक्कं होत जातं आणि पोरगं पहिलीला जाईपर्यंतसुद्धा सगळी आठ पुरी झालेली नसतात. अशा हातात पेन्सिल कोंबून चार ओळींच्या वहीची पानं भरून घ्यायची, ते रडायला लागलं की ओरडायचं, आणि मग म्हणायचं की याला अभ्यासाची आवडच नाही. आवड कुठून असणार हो? त्या वयाला बोटांना काम पाहिजे, पण ते पेन्सिलचं नव्हे.

मी गृहभेटीला एका वस्तीवर जाते, तिथली आज्जी पडवीत सूप घेऊन बसलेली असते, मटकी निवडत. नातू शेजारी. त्याला तिनं मूठभर मटकी एका ताटलीत दिलेली आणि सांगितलेलं, खडे एकीकडं, मातीचं ढेकूळ एकीकडं, किडकी मटकी कोंबडीला. पोरगं दोन बोटांची चिमट करून एकेक दाणा उचलतंय, मध्येच खडा हातावर घेऊन "आज्जे, ह्यो खडा हाय का मटकी?" म्हणून विचारतंय, आज्जी म्हणते चावून बघ, दात पडला तर खडा. दोघं हसतात. मी दारात उभी राहून बघत होते आणि मनात म्हटलं, आमच्या ट्रेनिंगच्या पुस्तकात जे सूक्ष्म स्नायूंचा विकास, वर्गीकरण, संवाद असं मोठ्ठं लिहिलेलं असतं ते सगळं या ताटलीत आलं की. पण त्याच आज्जीला विचारलं तर ती म्हणते, "आमाला काय कळतंय बाई, आमी अंगठा लावणारी माणसं, तुमीच शिकवा." हे "आमाला काय कळतंय" जे आहे ना, ते शाळांनीच लोकांच्या डोक्यात घालून ठेवलंय असं माझं स्पष्ट मत आहे. जी शिकवते तिलाच वाटतं आपण शिकवत नाही.

आमच्या तालुक्याची, तसंच आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगावची अजून एक गोष्ट वेगळी आहे. ती पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून पटत नाही. इथले बाप गावात नसतातच. गलाईचा धंदा. सोनं-चांदी गाळायला आमची माणसं पिढ्यान् पिढ्या केरळ, तमिळनाडू, दिल्ली, यूपी कुठं कुठं गेलेली आहेत, सराफपेठ असेल तिथं विट्याकडचा माणूस सापडणारच. दुष्काळामुळं गेले, आता टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं तरी धंदा तिकडंच बसलाय. कुणी बायकोपोरांना घेऊन जातं, कुणाची बायको इथं सासू-सासऱ्यांजवळ, कुणाची दोन्ही पोरं आज्जी-आज्याकडं आणि नवरा-बायको तिकडं. तर मग पालक म्हणजे कोण? आमच्या हजेरीपटावर जेवढी पोरं आहेत त्यातल्या कितीतरी पोरांना रोज न्यायला-आणायला आज्जाच येतो, आणि तरी शासनाच्या फॉर्मवर, शाळेच्या डायरीत, सगळीकडं रकाना दोनच, आई आणि वडील.

असाच एक बाप, कोइमतूरला दुकान आहे त्याचं, रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो. आईनं मला सांगितलं की पोरगं फोनवर बोलतच नाही, कॅमेरा छताकडं करतं नि पळून जातं. मी म्हटलं फोनवर बोलतात काय ते? तर म्हणाली, जेवलास का, शाळेत गेलतास का, दंगा करू नको. रोज हेच. चार वर्षांच्या पोरानं यावर काय बोलायचं? हो, हो आणि बरं. विषय संपला. मग तो बाप सणाला आलेला तेव्हा मी त्याला म्हटलं, भाऊ, त्याला विचारू नका, सांगा. तुमच्या दुकानात दिवसभर काय केलं ते सांगा. तो म्हणाला आमच्या दुकानात काय असतंय, भट्टी नि आग. म्हटलं तेच सांगा.

आता त्यानं ते खरंच केलं. तिकडं गेल्यावर फोनवरून भट्टी दाखवली, सोनं वितळवायची मूस दाखवली, सोनं पाण्यासारखं कसं होतं ते दाखवलं. आणि पोरानं दुसऱ्या दिवशी त्याला विचारलं की सोनं आधी वितळतं का चांदी. बाप रोज हेच काम करतो, पण असं कुणी विचारलेलं नव्हतं म्हणे. त्यानं सांगितलं चांदी आधी. बरोबरच आहे, चांदी 961 डिग्रीला वितळते आणि सोन्याला 1064 लागते, हे माझ्या मुलीनं मला शोधून दिलं. तर पुढचे कितीतरी दिवस आमच्या अंगणवाडीच्या मागं वाळूत नारळाच्या करवंटीची मूस झालेली आणि चार पोरं गलाई करत बसलेली. एक जण भट्टी फुंकणार, एक जण गिऱ्हाईक, एक जण वजन करणार, आणि गिऱ्हाईकाला पैसे कमी मिळाले म्हणून भांडण. यात भाषा आली, मापं आली, हिशोब आला, आणि मुख्य म्हणजे आपला बाप काय करतो हे पोराला कळलं. फोनवरचा तो बाप हजार किलोमीटरवरून माझ्या वर्गात शिकवून गेला असंच मी म्हणते. त्याला एक रुपया खर्च आला नाही, रिचार्ज तर तो मारतच होता.

आता कुणी म्हणेल बाई तुम्ही किस्से सांगताय. बरं, मग एक अभ्यास सांगते, आम्हाला ट्रेनिंगमध्ये एका मॅडमनी सांगितला होता, नंतर मी नीट समजून घेतला. जमैका म्हणून देश आहे, तिथं किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत 1986-87 ला वाढ खुंटलेली 129 बारकी पोरं घेतली, नऊ महिने ते दोन वर्षं वयाची. काही पोरांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची, दोन वर्षं. काय करायची, तर घरातल्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी करून आईला दाखवायची की याच्याशी खेळावं कसं, बोलावं कसं. काहींना नुसता पूरक आहार दिला, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. वीस वर्षांनी ती पोरं कमवायला लागल्यावर शोधून काढली. ज्यांच्या आईबरोबर खेळ-बोलण्याचं काम झालेलं त्यांची कमाई 25 टक्के जास्त निघाली. नुसता आहार मिळालेल्यांत मोठेपणी तसा फरक दिसला नाही. हे 2014 ला छापून आलं. मी खाऊ वाटणारी बाई, मला हे वाचून दोन मिनिटं काही सुचलंच नाही. आहार पाहिजेच, त्याबद्दल वाद नाही, कुपोषित पोरगं काय शिकणार. पण आम्ही सगळा जीव वजनकाट्यात आणि मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकर ॲपमध्ये घालतो, फोटो अपलोड होतोय का बघत बसतो, रेंज नसली तर टेकडीवर जाऊन उभं राहतो, आणि आईशी पाच मिनिटं निवांत बोलायचं काम मात्र उरलंसुरलं होऊन बसलंय. साहेब लोकांनी वाचावं म्हणूनच हे लिहितेय.

नवीन शिक्षण धोरणात, 2020 च्या, लिहिलंय की मेंदूची 85 टक्क्यांपेक्षा जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. हा आकडा आता प्रत्येक शाळेच्या पाम्प्लेटवर असतो आणि त्याखाली फीचा तक्ता. पण त्या सहापैकी पहिली तीन वर्षं पोरगं कुठल्याच शाळेत नसतं, घरात असतं. आणि नंतरच्या तीन वर्षांतसुद्धा शाळेत असतं तीन-चार तास. बाकी वेळ कुणाकडं? मोबाईलकडं, असं खरं उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 ला सांगितलं की वर्षाच्या पोराला स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या पोराला दिवसाला तासाच्या वर नको. आमच्याकडं घास भरवायलाच मोबाईल लागतो. मी आईला रागावत नाही यावरून, कारण ती आई पहाटे उठून धारा काढते, डबा करते, मग दुसऱ्याच्या रानात भांगलायला नाहीतर यंत्रमागावर जाते, संध्याकाळी परत चूल. ती म्हणते वेळ नाही तर खरंच नाही. तिला अजून एक काम लावून द्यायचं नाहीये मला. भाकरी थापताना पोराला पिठाचा गोळा द्या आणि बोलत राहा एवढंच सांगते. त्यानं केलेली भाकरी वाकडी का होईना तव्यावर टाका. आणि दुकानात नेलं तर पैसे त्याच्या हातानं द्यायला लावा. गोष्ट येत नसेल तर तुम्ही बारक्या असताना काय केलं ते सांगा, पोरांना त्यासारखं काही आवडत नाही, विहिरीत उडी मारलेली, मास्तरनं मारलेलं, सगळं.

आता शाळांकडं वळते. काही शाळांत पालकाला गेटच्या आत येऊ देत नाहीत, पोरगं वॉचमनच्या हातात द्यायचं नि मागं फिरायचं. व्हॉट्सॲप ग्रुप असतो, पण त्यावर फक्त ॲडमिन मेसेज टाकू शकणार: उद्या यलो डे, पिवळा ड्रेस, पिवळं फळ. आई रात्री नऊला पिवळा शर्ट शोधत फिरते. फॅन्सी ड्रेसला तर विचारू नका, पोरगं झाड होऊन रडत उभं असतं नि बक्षीस खरं आईच्या फेविकॉलला मिळालेलं असतं. याला हे लोक पालकांचा सहभाग म्हणतात. आणि ॲडमिशनच्या वेळी मात्र आईबापाची मुलाखत, तुमचं शिक्षण काय, घरात इंग्लिश बोलता का. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 मध्ये प्रवेश देताना पोराची किंवा पालकांची अशी चाळणी लावायला मनाई आहे, हे पालकांना माहीत नसतं आणि ज्यांना माहीत असतं ते गप्प बसतात.

झेडपीच्या शाळेत पहिलीपासून पुढं शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात 75 टक्के पालक पाहिजेत, निम्म्या महिला पाहिजेत, असा कायदाच आहे. कागदावर असतातही. पण कितीतरी ठिकाणी प्रोसिडिंग बुक घरी पाठवून सह्या घेतात, बाईला विचारलं तर ती म्हणते कशावर सही केली माहीत नाही. 2022 पासून पहिलीला जाणाऱ्या पोरांसाठी 'पहिले पाऊल' म्हणून शाळापूर्व तयारी मेळावा होतो, तो मात्र मला मनापासून आवडतो. सात टेबलं लावतात, उड्या मार, रंग ओळख, चित्र बघून बोल, आणि आई प्रत्येक टेबलाला पोराबरोबर फिरते, मग गल्लीतल्या आयांचा गट करून घरी करायच्या कृती देतात. कित्येक आयांनी तिथं पहिल्यांदा बघितलं की आपलं पोरगं एका पायावर उभं राहू शकतं. हेच तीन वर्षांच्या पोरांसाठी का नको, एवढाच माझा प्रश्न.

तशी ही गोष्ट आपल्याला नवी नाही. ताराबाई मोडकांनी 1945 ला बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला, आणि पोरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच वस्तीवर नेऊन अंगणात भरवली. आई तिथंच भांडी घासतेय, आजी बसून बघतेय, म्हणजे घरच्यांना वेगळं बोलवायचा प्रश्नच नव्हता. आणि आपल्या भागात कर्मवीर भाऊराव अण्णांनी 1919 ला कराडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, तेव्हा आमचा खानापूर तालुका सातारा जिल्ह्यातच होता. पुढं मुष्टिफंड काढला, बाया दळायच्या आधी मूठभर धान्य बाजूला काढायच्या शिकणाऱ्या पोरांसाठी. त्या बाईला लिहायला येत नव्हतं पण तिला माहीत होतं की शाळेत माझी मूठ आहे. आता आपण हजारोंनी फी भरतो आणि गेटच्या बाहेर उभं राहतो.

म्हणून एक साधी मागणी आहे, आणि ती छापावी एवढ्यासाठी हे सगळं लांबण लावलं. पालक सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला घेऊ नका. त्या वेळेला येतात त्या रिकाम्या माणसांच्या बायका किंवा ज्यांना सासू बोलत नाही त्या, मजुरी बुडवून कोण येणार, दिवसाचा रोजगार तुम्ही देणार का? संध्याकाळी सातला घ्या, मारुतीच्या देवळात घ्या, आज्जी-आज्यांना मुद्दाम निरोप द्या. आणि आमचे गलाईवाले बाप गावाला येतात कधी, तर दिवाळीला, आणि उन्हाळ्यात जत्रा-लग्नांना. नेमकी तेव्हा शाळेला सुट्टी. म्हणजे ज्या आठवड्यात बाप घरात आहे त्याच आठवड्यात शाळेला कुलूप, आणि पुन्हा आम्हीच म्हणतो की बाप लोक लक्ष देत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीतला एक संध्याकाळचा दीड तास, पाडवा-भाऊबीज सोडून कधीही, बाप लोकांसाठी ठेवावा असं मी माझ्या सुपरवायझर मॅडमना बोलले आहे, त्या म्हणाल्या वरून पत्र पाहिजे. पंचायत समितीनं आणि बालविकास प्रकल्प कार्यालयानं तेवढं पत्र काढावं. सुट्टीतले आमचे तास कोण भरून देणार हा प्रश्न आमच्या काही बहिणी विचारतील आणि तो बरोबरच आहे, त्याची बदली सुट्टी द्या. विट्याच्या खाजगी शाळांना तर कुणाच्या पत्राची वाट बघायची गरजच नाही, बसचा ड्रायव्हर तेवढा लागणार नाही त्या दिवशी.

कोइमतूरवाल्या त्या बापाला मी यंदाच्या दिवाळीसाठी आत्ताच सांगून ठेवलंय की येताना एक जुनी मूस घेऊन या, फुटकी असली तरी चालेल. तो म्हणाला एक कशाला, तीन आणतो, आणि बरोबर गावातली अजून चार जणं आणतो.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका
ता. खानापूर, जि. सांगली
(नाव छापू नये ही विनंती, मॅडम रागावतात)